लाकडी बैलाचे वर्ष

श्रावण अमावास्येचा पोळा फुटून शिवारातले बैल गोठ्यात परतले, अंगणात गेरूचे डाग आणि बेगडाचे कपटे तेवढे उरले, म्हणजे दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, आमच्या केळापूर तालुक्यात गावोगावी मुलांचा तान्हा पोळा भरतो. आणि आदल्या दिवशी खऱ्या जनावरास जो मान मिळाला, तोच झूल, बाशिंग आणि घुंगरमाळ यांसह चार चाकांच्या फळीवर उभ्या असलेल्या लाकडी बैलास मिळतो. ज्यांचे बालपण पुण्या-साताऱ्याकडे गेले त्यांना पाटावर पुजलेले मातीचे बैल ठाऊक असतात. परंतु मुलांचा स्वतंत्र, तोरणाखाली रीतसर भरणारा पोळा हे वैदर्भीय बाळपणाला मिळालेले खास इनाम आहे, आणि नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत ही चाल पडली असे परंपरा सांगते. मुले नवे कपडे घालून, आपापला बैल दोरीने ओढीत, देवळापुढच्या मोकळ्या जागेत आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांग धरतात. कोणी वडीलधारा पूजा करतो. मोठ्यांच्या पोळ्यात म्हणतात तशाच झडत्या मुलेही घसा ताणून म्हणतात. आणि तेथून सुटका झाली की प्रत्येक जण बैल घेऊन घरोघर हिंडू लागतो, जेथे घरची बाई त्या लाकडी कपाळास कुंकू लावून धन्याच्या हाती बोजारा ठेवते, मग ती चार नाणी असोत की मूठभर खाऊ. दिवेलागणीस बैल घरी येतो. झूल उतरते, चाकांची माती पुसली जाते, आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला तो बैल माळ्यावर किंवा संदुकीत जातो, तो पुढच्या भाद्रपदापर्यंत.

एक बैल, आणि वर्षातून एक दिवस! तरीही साठी ओलांडलेल्या माणसाला विचारावे, तर आपल्या बैलाचे डावे शिंग कोणत्या साली तुटले, त्यास दुसरे कोणत्या वाढ्याने बसवून दिले, आणि आपल्यानंतर तो कोणत्या धाकट्या भावंडाकडे गेला, हे तो डोळ्यांपुढे उभे करून सांगतो. आणि त्याच घरातील नातवाला, ज्याच्या मालकीच्या मोटारी, तोफा, यंत्रमानव आणि कचकड्याचे प्राणी यांची मोजदाद करावयास कारकून नेमावा लागेल, कालच्या यात्रेत घेतलेली वस्तू आज कोठे आहे हे ठाऊक नसते. हा दोष नातवाचा नाही. जे सदैव पायांत येते त्याची आठवण काढण्यास मनाला अवकाशच उरत नाही, आणि लाकडी बैल ते अकरा-बारा महिने माळ्यावर निजलेला असतो तेव्हाही मुलाच्या मनात चालतच असतो. आषाढ सरता सरता, पोळ्याला अजून महिना असतानाच, घरोघर तो प्रश्न ऐकू येऊ लागतो, ‘माय, माहा बैल कोठी हाये?’ इतक्या ओढीने विचारलेला दुसरा प्रश्न मी लहान मुलांच्या तोंडी क्वचितच ऐकला आहे.

केळापूर हे जगदंबेचे ठाणे. तालुक्याला नाव त्याचे लाभले; तहसील कचेरी मात्र पांढरकवड्यास. नवरात्रात देवीच्या यात्रेला आसपासच्या खेड्यांतून माणूस लोटतो, आणि एके काळी या यात्रेतून मुलाला एकच वस्तू मिळे: एखादी पिपाणी, एखादी भिंगरी, फार झाले तर पत्र्याची मोटार. त्यामुळे निवड करणे हाच खेळाचा उत्तमार्ध होऊन बसे. मूल सगळ्या दुकानांपुढून फिरे, एक वस्तू हाती घेई, ठेवी, दुसरीकडे जाई, पुन्हा पहिलीकडे येई, आणि अखेरीस जी उचली तिच्यावर त्याच्या निर्णयाचा शिक्का पडलेला असे. याच तालुक्यातून नागपूर-हैदराबाद हमरस्ता जातो, ज्याचा क्रमांक पूर्वी 7 होता आणि आता 44 आहे. तो पांढरकवड्याहून पाटणबोरीकडे उतरतो, पैनगंगा ओलांडतो, आणि आदिलाबाद मागे टाकून निर्मलला पोचतो. निर्मल हे खेळणी घडविणाऱ्यांचे गाव. तेथील नकाश घराणी पोनिकी नावाच्या हलक्या, मऊ लाकडातून फळे, पक्षी, हरणे कोरतात, सांधे बुजवितात, पुटे चढवितात, वाळू देतात, मग रंगाला हात घालतात. आणि या प्रत्येक क्रियेला तिचा वेळ द्यावाच लागत असल्याने एक कारागीर महिन्याकाठी किती पोपट जगात आणू शकेल याला त्याच्या दोन हातांचीच मर्यादा पडते.

मला वाटते, आपल्या घरांतील खेळण्यांच्या राशीचे मूळ येथे आहे. पूर्वी खेळण्यांच्या संख्येवर तीन अंमलदार नेमलेले होते: कारागिराचे हात, यात्रेची तिथी आणि शेतीचा हंगाम. ज्वारी कापून झाली की धांड्यांच्या बैलगाड्या निघत, आणि कडबा गंजीला लागून वाळला की त्या गाड्याही मोडून जात. भाद्रपदी पौर्णिमेला मुलींची भुलाबाई मातीच्या रूपाने घरी येई आणि कोजागरीनंतर पाण्याकडे जाई. चिंचोके, सागरगोटे उन्हाळ्याच्या सावलीतले. येणाऱ्या प्रत्येक खेळण्याच्या पाठीशी त्याच्या जाण्याची मुदत लिहिलेली होती. कचकड्याच्या कारखान्यांनी हे तिन्ही अंमलदार बरतर्फ केले. वस्तू बारमाही झाली, स्वस्त झाली, आणि ती कुजतही नाही, वाळतही नाही, पाण्यात विरघळतही नाही. आणि रिकाम्या झालेल्या त्या जागांवर कोणाचीच नेमणूक झाली नाही. ती नेमणूक आता आईबापांनी स्वतःकडे घेतली पाहिजे. निसर्ग आणि कारागिरी जे आपोआप करीत, ते आता घराने विचारपूर्वक करावयाचे आहे.

पांढरकवड्यातील नोकरदार कुटुंबाचे दोन खोल्यांचे भाड्याचे घर डोळ्यांसमोर आणा. दिवाणाखाली खेळण्यांनी भरलेले खताचे धुतलेले पोते; आलमारीवर वाढदिवसांच्या न उघडलेल्या पेट्या; मोरीजवळ एक चाक निघालेली गाडी; देवघराच्या फळीखाली बाहुलीचा एक हात. संध्याकाळी मूल ते पोते उपडे करते, राशीत हात घालते, एक वस्तू काढते, टाकते, दुसरी काढते, टाकते, आणि शेवटी राशीच्या मधोमध बसून, करमत नाही म्हणून रडते. ही रास कोणी दुष्टपणाने रचलेली नसते. हैदराबादेहून येणारा मामा रिकाम्या हाताने कसा येईल? पुण्याला नोकरीस असलेल्या आत्याला भाच्याचे तोंड वर्षातून एकदा दिसते. तिच्या अपराधी मायेला मोठ्या पेटीखेरीज दुसरी वाट सापडत नाही. दिवसभर कचेरीत अडकलेला बापही आपल्या अनुपस्थितीची भरपाई बाजारातून करतो. म्हणून या राशीकडे मी रागाने पाहू शकत नाही. तीत प्रेम साचलेले आहे, केवळ ते प्रेम मुलापर्यंत पोचत नाही.

न पोचण्याचे कारण काय, याचा शोध पुष्कळांनी घेतला आहे. 2018 साली अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी 36 लहान मुलांना एकदा 4 खेळणी देऊन आणि एकदा 16 देऊन पाहिले. चारच असताना मुले एकेका खेळण्याशी अधिक काळ रमली आणि त्याचे अधिक प्रकारचे उपयोग त्यांनी शोधून काढले. परंतु ही गोष्ट त्याच्या शंभरावर वर्षे आधी मारिया माँटेसोरीबाईंच्या ध्यानी आली होती. 1907 साली रोममधील सान लोरेन्झो या श्रमिकांच्या वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले, तेव्हा तेथे सुंदर खेळणीही ठेवलेली होती. गरिबाघरची ती मुले त्यांवर तुटून पडतील असे कोणासही वाटले असते. मुलांनी मात्र ती बाजूस ठेवली आणि हातांना खरे काम देणारी साधने धरली. पुढे बाईंनी प्रत्येक साधन खोलीत एकच ठेवण्याचा दंडक घातला. दुसऱ्या मुलाच्या हाती ते असेल तर थांबावयाचे. आणि या थांबण्यातूनच दुसऱ्याच्या कामाविषयी आदर उपजतो, असे त्यांचे निरीक्षण. 1939 साली त्या हिंदुस्थानात आल्या आणि महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम येथेच लांबला. त्यांच्या विचाराला आपल्या मातीत रुजविले ते ताराबाई मोडकांनी, ज्यांनी 1945 साली बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम केले, आणि विलायती साधने परवडत नाहीत म्हणून रडत न बसता शंख, शिंपले, बिया, पाने, खडे यांनाच शाळेत दाखल करून घेतले.

येथे मला थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट करावयाची आहे, कारण आमच्या तालुक्यात ती न बोलता पुढे जाणे बरे होणार नाही. कापसाच्या या मुलुखात, कोलामांच्या पोडांवर आणि वेचणीस जाणाऱ्या मजुरांच्या झोपड्यांत, ज्या मुलांजवळ एकही खेळणे नाही, त्यांच्या रित्या हातांचे गुणगान मी करीत नाही. उणीव आणि संयम बाहेरून सारखे दिसले तरी त्यांचे गोत्र एक नव्हे; एकीत मुलाला निवड नसते, दुसऱ्यात निवडीचा सगळा आनंद असतो. त्या मुलांच्या धांड्याच्या गाडीचे कौतुक करून त्यांना चित्रांचे पुस्तक नाकारणारा मनुष्य मला निर्दय वाटतो. मी जे लिहितो आहे ते ज्यांच्या घरी पोते भरले आहे त्यांच्यासाठी.

अशा घराने काय करावे? मला लाकडी बैलाचाच कित्ता गिरवावासा वाटतो. जी खेळणी हाताशी ठेवावयाची ती एका फडताळाच्या एका फळीवर मावतील इतकीच असावीत, आणि मुलाचा हात तेथे पोचावा; बाकीची पेटीत घालून माळ्यावर चढवावी. काही आठवड्यांनी अदलाबदल करावी. माळ्यावरून उतरलेली जुनी गाडी मूल नव्या वस्तूसारखी हाती घेते, आणि मधल्या काळात त्याची बुद्धी वाढलेली असल्याने त्याच गाडीतून नवा खेळ निघतो. फळीवर काय राहावे याविषयी माझा कल स्पष्ट आहे: ठोकळे, चेंडू, एखादी बाहुली, भातुकलीची चार भांडी, खडू आणि पाटी. ज्या वस्तूत कळ दाबली की सारे तीच करते आणि मूल केवळ प्रेक्षक उरते, ती पहिल्यांदा माळ्यावर जावी. हे सारे मुलाच्या देखत व्हावे. ते शाळेत गेले असताना गुपचूप पोते रिकामे करण्याची वहिवाट पुष्कळ घरांत आहे; ती मला अन्यायाची वाटते, कारण ज्याची मालकी त्याची संमती हा न्याय तीन वर्षांच्या माणसालाही लागू आहे, आणि एकदा चोरून नेलेले खेळणे मुलाला पुढची दहा खेळणी घट्ट धरून ठेवावयास शिकविते.

या निवडीला दिवसही आमच्याकडे आयताच आहे. पोळ्याला दारांच्या बाजूंना पळसाच्या फांद्यांचे मेढे लावतात आणि तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मारबतीच्या नावाने आरोळी देत, रोगराई आणि पीडा घेऊन जा म्हणून ते गावाबाहेर नेऊन टाकतात. नागपुरात तर त्याच दिवशी काळ्या-पिवळ्या मारबतींच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. म्हणजे सकाळी घराने नको ते बाहेर टाकावे आणि नंतर मुलाने हवे ते माळ्यावरून खाली काढावे, असा हा एकाच तिथीचा दुहेरी विधी आहे. त्या सकाळी आईने मुलाला शेजारी बसवून फुटकी, धारदार झालेली, रंग उडून विटलेली खेळणी निवडून काढावी. वर्षातून एकदा घडणाऱ्या या कामाला सणाचे वळण लागले तर त्यात शिक्षेचा वास उरणार नाही.

आप्तांचा प्रश्न याहून नाजूक आहे, तरी असाध्य नाही. मामाने खेळणे आणण्याऐवजी भाच्याला टिपेश्वरच्या अभयारण्यात घेऊन जावे. आत्याने पेटीऐवजी गोष्टीचे पुस्तक पाठवून ते फोनवर रोज थोडे वाचून दाखवावे. आजीने वाढदिवसाला सुताराकडून बैलाची झिजलेली चाके बदलून द्यावीत. तान्ह्या पोळ्यातही अलीकडे सजावटीच्या स्पर्धा लागतात, बक्षिसे ठेवली जातात, आणि मुलाच्या डोक्याइतका उंच बैल ओढीत आणणारे बाप मी पाहिले आहेत. बैल ओढण्याचे श्रम बापाचे आणि छायाचित्रही बापाचेच. तेथे मला त्या लहान बैलांकडेच जावेसे वाटते, ज्यांची दोरी मुलाच्या मुठीत मावते.

जे खेळणे घरातून जावयाचे, ते कोठे जावे हाही विचार व्हावा. 1975 पासून सुरू झालेल्या अंगणवाड्या आता खेडोपाडी आहेत, आणि धड अवस्थेतील ठोकळे, गाड्या, बाहुल्या यांचा तेथे उपयोग होतो. परंतु मोडकी, अपुरी, हात तुटलेली वस्तू दानात देऊ नये, ती सकाळच्या मेढ्यांबरोबर निवडून काढलेल्यांतच राहावी. द्यावयाचे ते धुऊन, पुसून, चाक बसवून द्यावे. आणि शक्य तर मुलानेच स्वतःच्या हाताने तेथे नेऊन, ही गाडी चढावर डावीकडे ओढते, दोरी जरा सैल धरावी लागते, हे नव्या धन्याला समजावून सांगावे.