गुळण्यांची चाचणी आणि दिल्लीचं धोरण

नागपूर

चि. अनघास,


सरकारच्या विज्ञान धोरणाचा सामान्य माणसाशी संबंध काय, असं तू फोनवर विचारलंस. त्यासाठी दिल्लीला जायला नको. आपली नीरी आहेच.

4 मार्च 1958 ला नेहरू सरकारनं देशाचा पहिला विज्ञान धोरण ठराव काढला. त्याच वर्षी नागपुरात सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था निघाली. 1974 मध्ये तिचं नाव नीरी झालं. पाणी, सांडपाणी, हवा हे तिचे नेहमीचे विषय. कोरोनात मात्र तिथल्या डॉ. कृष्णा खैरनार आणि सहकाऱ्यांनी गुळण्यांची आरटीपीसीआर चाचणी बसवली. नाकात काडी नाही. नळीतल्या मिठाच्या पाण्यानं 15 सेकंद गुळण्या, मग खळखळून त्याच नळीत थुंकायचं. प्रयोगशाळेत नमुना खास द्रावणात घालून अर्धा तास ठेवायचा आणि 98 अंशांवर 6 मिनिटं तापवायचा. आरएनए वेगळा काढण्याचं महागडं किट लागतच नाही. खेड्यापाड्यांसाठी याहून सोयीचं काय असणार?

मे 2021 पर्यंत आयसीएमआरची मान्यताही मिळाली. पण कोणत्याही सक्षम उद्योगाला परवाना देता यावा म्हणून हे तंत्र लघुउद्योग मंत्रालयाकडे गेलं सप्टेंबरात. तोवर दुसरी लाट ओसरली होती. शोध लागला वेळेवर. कारखान्यापर्यंतच्या वाटेत महिने गेले. धोरणाची खरी ढिलाई इथं आहे, असं माझं मत.

पैशाचं रडगाणं तर जुनंच. 2013 च्या धोरणात संशोधनावर जीडीपीच्या 2 टक्के खर्चाचं उद्दिष्ट होतं. 2020-21 मध्ये तो भरला 0.64 टक्के. जानेवारी 2023 मध्ये आपल्या विद्यापीठात सायन्स काँग्रेस झाली, पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीनं उद्घाटन केलं, भाषणंही भरपूर झाली. (पुढच्या वर्षीचं अधिवेशन मात्र ठरल्या वेळी झालंच नाही!) 2023 मध्येच अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा आला: 5 वर्षांत 50,000 कोटी, त्यातले सुमारे 36,000 कोटी सरकारबाहेरून, म्हणजे मुख्यतः उद्योगांकडून यायचे.

हे उद्योग म्हणजे तुझ्या कंपनीसारखेच ना? मग संशोधनावर तुमच्याकडे किती खर्च होतो, ते हिशेब विभागात विचार आणि कळव.

तुझा,
मामा