भीमेकाठची बनवाबनवी

शनिवारी ऑफिस सुटलं, बाइक काढली नि थेट वडगाव रासाई! मामाचं गाव. नगर रोडचं ट्रॅफिक शिक्रापूरला मागे पडतं, न्हावऱ्याच्या पुढे दुतर्फा ऊस. गावाला खेटून भीमा, पलीकडे दौंड तालुका.

रात्री टीव्हीवर 'अशी ही बनवाबनवी' लागला. १९८८चा सिनेमा. (मी कितव्यांदा पाहिला, विचारू नका.) माझं ठाम मत : सचिनची सुधा गोड, पण लक्ष्याच्या पार्वतीला तोड नाही. मामाचं भलतंच. "खरा हिरो सरपोतदार. त्यानं पोरांना हाकललंच नसतं, तर पिक्चर कशाचा?"

मामा चार वर्षं पुण्यात नोकरीला होता, कॉट बेसिसवर. मामीला आणायला खोलीच मिळेना, म्हणून परत आला. हे मला आत्ता कळलं, लीलाबाई काळभोर फक्त जोडप्यांनाच जागा देते तो सीन चालू असताना.

"आम्ही तर खरंच नवराबायको होतो," मामी म्हणाली. दोघं खो खो हसले. मला काही हसू येईना. सोमवारी ब्रोकरला भेटायचंय.

"बॅचलर चालतो का, आधी विचार," म्हणत मामानं आवाज वाढवला.