लेकीच्या गाडीचे तेल



लोणच्याचे तेल, समईचे तेल यांवर मी पूर्वी लिहिले आहे. आजचे तेल गाडीचे आहे, तेही इंजिनाचे नाही, गिअरबॉक्समधले. हिला या वयात हे काय सुचले, असे म्हणाल. पण ते तेल मी स्वतःच्या हाताने ओतले आहे, तेव्हा लिहायचा थोडा हक्क मला आहेच.

मागच्या जुलैत मी न्यू जर्सीला लेकीकडे होते. तिच्याकडे २०१२ सालची टोयोटा प्रियस आहे. ही हायब्रिड गाडी. तिच्यात पेट्रोलचे इंजिनही आहे आणि विजेच्या मोटरीही. कधी काय चालवायचे ते गाडीच ठरवते. गाडीचे १ लाख १८ हजार मैल झाले होते, म्हणजे आपल्या हिशेबात जवळजवळ १ लाख ९० हजार किलोमीटर.

एका शुक्रवारी रात्री भांडी पुसताना लेक म्हणाली, "आई, उद्या मी गाडीचे ट्रान्समिशनचे तेल बदलणार आहे. घरीच. टॉर्च धरशील?"

"का गं, गॅरेज बंद पडली का सगळी?"

"गॅरेजवाला दोनशे डॉलर मागतो. चार बाटल्या तेल आणलंय, चाळीस डॉलर झाले."

मी १९८१ ची बी.कॉम. वजाबाकी लगेच झाली. पण एकशेसाठ डॉलरसाठी ही मुलगी गाडीखाली शिरणार, हे काही मनाला पटेना. दोन वर्षांपूर्वी आले होते तेव्हा हीच लेक नको नको म्हणताना माझ्यासाठी खरेदी करत होती. या वेळी मात्र सगळे मोजून मापून चालले होते. जावई सकाळी जायचे ते उशिरा यायचे, माझ्याशी धड बोलायचे नाहीत. लेक विचारलेल्याचे तेवढे उत्तर द्यायची. खरे सांगते, मला वाटू लागले होते की माझे येणेच जड झाले आहे. त्याच आठवड्यात मी सांगलीला मुलाला फोन करून परतीचे तिकीट अलीकडे घेता येईल का, ते बघायला सांगितले होते. लेकीला त्यातले काहीच माहीत नव्हते.

तर शनिवार उजाडला.

आधी मी तिला विचारले, "इतकी वर्षं बदललं नाही, मग आता कशाला?" ती म्हणाली, गाडीच्या पुस्तकात हे तेल अमुक मैलांनी बदलाच असे लिहिलेले नाही, नुसते तपासा म्हटले आहे. म्हणून लोक त्याला आजीवन चालणारे तेल समजतात. पण तेल म्हातारे होतेच, आणि बरेच जाणकार मेकॅनिक साठ हजार मैलांच्या आसपास बदलून घ्या म्हणतात.

आजीवन म्हणजे कोणाचे जीवन? गॅरंटीचे की गाडीचे? आम्ही कॉलेजात घसारा शिकलो, मालमत्तेची किंमत दरवर्षी थोडी थोडी कमी धरायची. तेव्हा कधी डोक्यात आले नाही की घसारा या शब्दात घासणेही ऐकू येते. गिअर एकमेकांवर घासतात, तेवढी गाडी सरते. ते घासणे कमी करायला तेल. म्हणजे तेल हा खर्च नव्हे, तरतूद आहे. हे एकदा डोक्यात बसल्यावर मी पदर खोचला.

या गाडीच्या गिअरबॉक्सची गंमत आहे. आपल्या जुन्या गाडीसारखे त्यात एक-दोन-तीन-चार असे गिअर पडत नाहीत. मधे एक चाक, त्याभोवती फिरणारी छोटी चाके, बाहेर एक कडे. सूर्याभोवती ग्रह असावेत तशी ही मांडणी, म्हणून त्याला प्लॅनेटरी गिअर म्हणतात. त्याच पेटीत दोन विजेच्या मोटरी बसवलेल्या. तेल त्यांच्या तांब्याच्या तारांपर्यंत जाते. म्हणजे या तेलाला तीन कामे: घासू न देणे, मोटरी थंड ठेवणे, आणि स्वतःतून वीज जाऊ न देणे. म्हणूनच कंपनीने सांगितलेलेच तेल घालायचे. टोयोटाचे ते एटीएफ डब्ल्यूएस. स्वस्त मिळाले म्हणून दुसरे ओतायचे नाही.

गाडीखाली शिरायच्या आधीची तयारी मात्र मला फार आवडली, कारण ती अगदी आपल्यासारखी होती. गॅरेजची फरशी मी मऊ केरसुणीने झाडली. कोपऱ्यात मुंग्यांची रांग होती, ती बाजूने जाऊ दिली आणि पुठ्ठा अलीकडे अंथरला. लेक हसली, पण थांबली. मग गाडी चारही बाजूंनी सारखी उचलून चार स्टँडवर ठेवली. नुसते पुढून उचलले तर गाडी तिरकी होते आणि तेलाची पातळी चुकते. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जायचे नाही, हे तिने मला दोनदा सांगितले. स्टँडवर ठेवल्यावर तिने गाडी हाताने जोरात हलवून पाहिली. मी मनात णमोकार म्हणत होते.

चावी सांभाळायचे काम माझ्याकडे आले. हायब्रिड गाडी "रेडी" स्थितीत राहिली तर शांत दिसते, पण इंजिन मधेच आपोआप सुरू होऊ शकते. म्हणून गाडी पूर्ण बंद करायची आणि चावी लांब ठेवायची. मी ती आत नेऊन स्वयंपाकघरातल्या डाळीच्या डब्यामागे ठेवली. नारिंगी रंगाच्या जाड तारांना हात लावायचा नाही, कारण त्यांतून जास्त दाबाची वीज जाते, हेही तिने दाखवले. खाली इंजिन ऑइलचा बोल्ट वेगळा आणि हा वेगळा. पुष्कळ लोक, कधी कधी गॅरेजवालेसुद्धा, इंजिन ऑइल समजून हेच तेल सोडून देतात आणि वर इंजिनात नवे ओततात. तिने फोटोशी ताडून बरोबर बोल्टवर खडूने खूण केली.

मग तिने खालच्या बोल्टला पाना लावला. माझ्या तोंडून निघून गेले, "थांब. भरायचं झाकण उघडतं का ते आधी बघितलंस?"

तुम्हाला माहीतच आहे, आपण सिलिंडर बदलताना काय करतो. नव्या सिलिंडरची टोपी काढून आतले वॉशर बघितल्याशिवाय जुना काढत नाही. नाहीतर चूल बंद आणि नवाही लागत नाही, अशी गत होते.

ती पुठ्ठ्यावर पडल्या पडल्या माझ्याकडे बघत राहिली. "व्हिडिओत हेच पहिलं सांगितलं होतं. विसरलेच मी."

तेल भरायचे भोक बाजूला, जरा वर असते. त्याच्या बोल्टला पाना लावला. हलेना. पुन्हा जोर लावला. हलेना. इतक्या वर्षांत तो कोणी उघडलाच नव्हता. समजा आधी खालून तेल सोडले असते आणि हा उघडलाच नसता, तर? गाडी रिकामी, चालवता येत नाही, आणि उचलून न्यायला ट्रक बोलवा. त्यात दोनशे डॉलरच्या वर गेले असते. तिने पान्याच्या दांड्यात लोखंडी नळी घालून दांडा लांब केला, मी टॉर्च धरला, आणि तिसऱ्या हिसक्याला कट् असा आवाज आला. दोघींचाही श्वास सुटला.

मग खालचा बोल्ट. तेल आले ते काळसर, पाक करपल्यावर दिसतो तसे. नवे तेल डाळिंबाच्या रसासारखे लाल असते. पसरट टबात धार पडत राहिली, मग बारीक झाली, मग थेंब. सगळे निथळायला वेळ लागतो, घाई करायची नाही. आम्ही पुठ्ठ्यावर भिंतीला टेकून बसलो. दोघी टबाकडे बघत होतो, एकमेकींकडे नाही.

मी सहज विचारले, "आत तेल किती आहे ते आधी कसं कळतं? काठी असते ना बुडवून बघायची?"

"याला काठी नाही आई. झाकण उघडल्याशिवाय कळतच नाही."

थोडा वेळ ती गप्प होती. मग टबाकडेच बघत म्हणाली, "आई, त्याची नोकरी एप्रिलमध्ये गेली."

जावई रोज सकाळी जायचे ते ऑफिसला नव्हे. कधी मुलाखतीला, कधी ग्रंथालयात बसून अर्ज करायला. संध्याकाळी ही गाडी घेऊन घरोघरी सामान पोचवायचे काम करायचे, म्हणून मैल वाढले होते आणि म्हणून तेल. त्या दिवशी ते आगगाडीने दुसऱ्या गावी मुलाखतीला गेले होते. मला सांगायचे नाही असे दोघांनी ठरवले होते, कारण मी काळजी करीन आणि तिकडे जाऊन सगळ्यांना काळजी लावीन.

मला रडू आले, आणि लाजही वाटली. तीन आठवडे मी त्या घरात राहून हिशेब मांडत होते, पण चुकीच्या खात्यावर. त्यांची ओढाताण मी माझ्या अपमानाच्या रकान्यात लिहीत गेले. एकदाही सरळ विचारले नव्हते की बाळा, सगळे ठीक आहे ना. काठी नसलेल्या माणसांची पातळी बघायची तर झाकण उघडावे लागते, आणि मी नुसती वरून बघून रुसले होते.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तेलकट हात होता, तिच्या टी-शर्टवर डाग पडला. तो नंतर निघालाच नाही.

बाकीचे काम आम्ही दोघींनी न बोलता केले. नवे वॉशर घालून खालचा बोल्ट पुस्तकात दिलेल्या मापाने घट्ट केला. तेल भरायला बाजूच्या भोकात लांब पारदर्शक नळी घातली, ती वर बॉनेटपर्यंत आणली आणि तिला नरसाळे लावले. लेक खाली नळी धरून, मी वर उभी राहून ओतणार. बारीक धार कशी सोडायची हे मला कोणी शिकवायला नको. एक बाटली म्हणजे एक क्वार्ट, ९४६ मिलिलिटर. पाकिटाच्या मागे मी प्रत्येक बाटलीची रेघ मारत होते. साधारण साडेतीन लिटर जाते. चौथी बाटली चालू असताना खालून आवाज आला, "बस आई, बस!" भोकाच्या खालच्या काठावरून लाल तेल ओघळू लागले होते. गाडी सपाट असेल तर हेच माप. वरचा बोल्ट बसवला, गाडी खाली घेतली, डाळीच्या डब्यामागची चावी आणली, एक फेरी मारून आलो आणि रात्रभर खाली कोरडा पुठ्ठा ठेवला. सकाळी त्यावर थेंब नव्हता.

आता जुने तेल. लेक म्हणाली, सोमवारी नेऊ. मी म्हटले, आजच. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते की एका वेळच्या वापरलेल्या इंजिन ऑइलने दहा लाख गॅलन गोडे पाणी खराब होऊ शकते. माझी आजी आडाचे पाणी गाळायची आणि गाळण्यातली जिवाणी पुन्हा त्याच आडात अलगद सोडायची. पाणी घेतले तर त्यातल्या जिवांची जबाबदारीही घेतली, असा तो नियम. मग काढलेल्या तेलाची जबाबदारी आपलीच ना? आम्ही ते टाकीबंद डब्यांत भरले, त्यात दुसरे काही मिसळले नाही, आणि गाडीच्या सामानाच्या दुकानात नेऊन दिले. तिथे ते पैसे न घेता पुन्हा शुद्ध करायला घेतात.

दिवस मावळायच्या आत जेवणे उरकली. जावई आले तेव्हा मी त्यांचे ताट झाकून ठेवले होते. "मुलाखत कशी झाली?" मी सरळ विचारले. ते लेकीकडे बघायला लागले, मग खुर्चीत बसले आणि सगळे बोलले. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी वही घेऊन सहा महिन्यांचा खर्च मांडला. माझे बी.कॉम. इतक्या वर्षांनी कामी आले. सांगलीला फोन करून तिकिटाचे रद्द करायला सांगितले. मुलगा विचारत होता, काय झाले? म्हटले, काही नाही, इथे काम आहे.

जावयांना आता एक काम मिळाले आहे, पूर्वीइतके पगाराचे नाही. लेकीला विचारूनच हे लिहिते आहे.

आता आपल्याकडेही इनोव्हा हायक्रॉस, हायरायडर अशा हायब्रिड गाड्या दिसू लागल्या आहेत. आपण गाडीखाली शिरावे असे मी म्हणत नाही. वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरलाच द्यावी. पण घरातल्यांना एवढे विचारा: ट्रान्समिशनचे तेल कधी बघितले होते? घालणार ते कंपनीने सांगितलेलेच आहे ना? आणि काढलेले जुने तेल कुठे जाते, गटारात तर नाही? आणि तेवढ्याच सहज लेकीसुनांना, जावयांनाही विचारा, कसे चालले आहे.

जय जिनेंद्र.