राक्षसगण

मे महिन्यात नातू पुण्याहून रेडीला आला तो आंबे खायला, अशी माझी भाबडी समजूत. त्याने पिशवीतून काढलं ते एक जाडजूड पुस्तक आणि मूठभर फासे. त्यांतल्या एकाला वीस बाजू! धर्मराज साध्या फाशांनी वनवासाला गेला; हा फासा असता तर परत आलाच नसता.

खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. 1974 साली अमेरिकेत निघाला. आपण वीर व्हायचं आणि राक्षस मारायचे. मारताना मन खाऊ नये म्हणून प्रत्येक जातीचा स्वभाव आधीच छापलेला. सज्जन, मधला की दुष्ट; शिवाय नियमाने वागणारा, मधला की बेबंद. एकूण नऊ घरं. ओर्क म्हटला की दुष्ट, पाळण्यात असला तरी! 1977 सालच्या त्यांच्या राक्षसकोशात आपला राक्षससुद्धा आहे. तोंड वाघाचं, स्वभाव नियमशीर दुष्ट. म्हणजे कागदपत्रं चोख ठेवून लुबाडणारा. (असे दोनचार माझ्या पाहण्यात आहेत, पण तोंडं अगदी सोज्वळ.)

"आजोबा, राक्षस वाईटच असतात ना?"

माऊलीच्या जत्रेत दशावतार बघत वाढलेल्या माणसाला हे विचारू नये. वेद चोरणारा काळाकुट्ट संकासुर मालवणीत आम्हांला पोट धरून हसवायचा. विष्णूने त्याला मारला की आम्ही पोरं हिरमुसायचो. हे सांगणार, तोच फणसाचे गरे काढणारी माझी अक्का म्हणाली, "मी राक्षसगणी आसंय."

अक्का मघा नक्षत्राची. सत्तावीस नक्षत्रांपैकी नऊ देवांना, नऊ माणसांना, नऊ राक्षसांना. आपल्याकडेही नऊच! पसंती झालेलं स्थळ देवगणी निघालं आणि पत्रिका परत आली. मग आणखी दोन परतल्या. चौथी तिने धाडू दिली नाही. आईच्या मागे आम्हां चौघांना तिनेच वाढवलं. मला टायफॉईड झाला तेव्हा ही राक्षसीण एकवीस रात्री उशाशी बसली होती. मी देवगणी. बरा होताच तिच्या डब्यातले लाडू चोरले.

नातू म्हणाला, "2020 साली कंपनीने सांगितलं, ओर्क सगळेच दुष्ट दाखवणार नाही."

ओर्क सुटले. आमच्या पुतणीची पत्रिका परवाच छापून आली, त्यात गणाचा रकाना आहे तिथंच आहे.

"अक्काआजी, तू कोण होणार?"

"राक्षस," अक्का म्हणाली आणि चिकाचे हात तेलाने पुसून तिने फासा उचलला. "कोण मारूक येता ता बघतंय."