सासूबाईंचा रेडिओ



चोविहाराच्या घरात सूर्यास्ताआधी जेवणं आटोपतात. प्रतिक्रमण झालं की झोपेपर्यंतचे दोन-तीन तास उरतात. आपल्याला दहा कामं असतात. पण ज्यांची नजर गेली, त्यांनी हे तास कसे काढायचे?

माझ्या सासूबाई ८७ वर्षांच्या. काचबिंदूने दृष्टी गेली आणि पोथी, टीव्ही दोन्ही सुटलं. "संध्याकाळ सरतच नाही गं," असं रोज म्हणायच्या. मग बोलणंच कमी झालं.

त्यांचं माहेर मुरबाडचं. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, तेव्हा त्या १७ वर्षांच्या. शेजारच्यांच्या रेडिओपुढे सगळी आळी बसायची. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली. वर्षभरात ५६ गीतं. आठवड्याला एकच नवं, त्यामुळे पुढच्याची वाट बघण्यातच दिवस जायचे.

लग्न होऊन शहापूरला आल्यावर सेलवरचा ट्रान्झिस्टर आला. वीज गेली तरी विविध भारती चालू. सैनिकांसाठी जयमाला, मग हवामहलमधली नाटिका, रात्री दहाला छायागीत. शनिवारी रात्री संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम; तो तर १९५२ पासूनचा. गाणं कधी शिकल्या नाहीत, पण ऐकून ऐकून राग ओळखू लागल्या.

हे आठवून मागच्या चातुर्मासात मी फोनवर आकाशवाणीचं ॲप घेतलं आणि त्यांच्या उशाशी छोटा स्पीकर ठेवला. तिसऱ्या दिवशी सतार लागली. त्या म्हणाल्या, "यमन आहे." थोड्या वेळाने निवेदिकेनेही तेच सांगितलं. कितीतरी दिवसांनी त्या हसल्या.

नातू म्हणाला, "आजी, तुझ्या आवडीचीच गाणी लावून देतो ना." तर म्हणतात, "पुढे काय लागणार ते आधीच कळलं तर ऐकायचं कशाला?"

आता घड्याळ न विचारता त्यांना वेळ कळते. नाटिका संपली म्हणजे औषधाची गोळी, हे त्याच मला सांगतात. ऐकलेलं सकाळी सांगायलाही काहीतरी असतं.

तुमच्याही घरी असं कुणी असेल तर एवढं करा. स्पीकर त्यांच्या हाताजवळ ठेवा, वेळ रोज तीच ठेवा, मध्येच स्टेशन बदलू नका. आणि पंधरा मिनिटं शेजारी बसा. भाजी निवडत बसलात तरी चालेल. रेडिओ सोबत देतो खरा, पण "ऐकलंस का?" असं विचारायला जवळ कुणीतरी माणूस लागतंच.