दौंडचे डॉक्टर, पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट

दौंड जंक्शनवरून सकाळी पुण्याला निघालेल्या एखाद्या पदवीधराच्या डोक्यात सिनेमाचं शिक्षण घोळत असेल, तर त्याला दाखला शोधायला लांब जायला नको. डॉ. जब्बार पटेलांचा दाखला गावातच आहे. पुण्यात डॉक्टर झालेल्या या बालरोगतज्ज्ञानं पत्नी डॉ. मणी यांच्यासह दौंडमध्ये दवाखाना चालवला. पोरांचे ताप-खोकले तपासता तपासता १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक बसवलं, १९७५ मध्ये त्यांचा ‘सामना’ हा चित्रपट बर्लिन महोत्सवात पोचला. पुढे ‘सिंहासन’, ‘उंबरठा’. सिनेमाची पदवी? नव्हती.

मग शिकायचं कशाला?

पटेलांना विजय तेंडुलकरांच्या पटकथा मिळाल्या, नाटकवेड्या मित्रांची सोबत मिळाली. ते नशीब सगळ्यांचं नसतं (आणि डॉक्टरकीचा आधारही). कोल्हापूरची ‘प्रभात’ फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली; तिच्याच स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि १९६४ मध्ये शहरात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं. कॅमेरा, संकलन, ध्वनी हे सगळं इन्स्टिट्यूटमध्ये हातानं शिकता येतं. दौंडहून पुण्याला रेल्वे आहे; शेजारच्या शिरूरला रेल्वे नाही, पण नगर रस्त्यानं एसटी आहेच.

दौंड-शिरूर या दोन्ही तालुक्यांतल्या पोरापोरींनी इन्स्टिट्यूटच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज जरूर भरावा. त्याआधी ‘सामना’ पाहावा.