तारेची पत

सेलूच्या बाजारपेठेतील आमच्या कापडाच्या दुकानात वैशाखातील एक दुपार अशी आली, की तिची आठवण आजही मनाला चटका लावते. 1988 ची लग्नसराई होती. गादीवर पाय ठेवायला जागा नव्हती. अण्णा वसुलीसाठी जिंतूरला गेले होते आणि अठराव्या वर्षी दुकान प्रथमच माझ्या हाती आले होते.

दोनच्या सुमारास पंखे थांबले. शेजारच्या दुकानांत वीज होती. म्हणजे आमचाच फ्यूज उडाला होता. मी पाच अँपियरची नवी तार बांधली. अर्ध्या तासात तीही वितळली. उकाड्याने गिऱ्हाईक उठू लागले. तेव्हा जुन्या वायरीतील तांब्याचे पाच-सहा पदर एकत्र पिळून मी ते किटकॅटमध्ये घट्ट बसवले. पंखे फिरू लागले आणि मला माझ्याच हुशारीचे कौतुक वाटले.

सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्यासाठी मी घरी गेलो. मागे थांबलेल्या मुनीमजींना जळका वास आला. इस्त्रीच्या बोर्डातून धूर निघत होता आणि शेजारच्या साड्यांच्या गठ्ठ्याने पेट घेतला होता. त्यांनी पाणी ओतण्याची घाई केली नाही. आधी मेन स्विच पाडला, गठ्ठे बाजूला ओढले आणि मग आग विझवली. आणखी पाव तास गेला असता, तर दुकानच काय, वरच्या मजल्यावर राहणारे कुटुंबही संकटात सापडले असते.

अण्णा रात्री परतले. ते रागावले नाहीत. सकाळी त्यांनी वृद्ध वायरमनकाकांना बोलावून मला त्यांच्यापुढे बसवले.

काकांनी कागदावर हिशेब मांडला. पाच पंखे 400 वॉट, सहा ट्यूबलाइट 330, दोन कूलर 400 आणि कोपऱ्यातील इस्त्री 1000. एकूण 2130 वॉट. त्याला 230 व्होल्टने भागले, तर सव्वानऊ अँपियर. आणि फ्यूज होता पाच अँपियरचा! अशी तार थोडा जादा भार काही काळ सोसते, मग वितळते. भिंतीतील जुन्या ॲल्युमिनियमच्या वायरी आणि बोर्डातील ढिला सांधा तापण्याआधी तिने वितळावे, हेच तिचे काम. मी तिला ते करूच दिले नव्हते.

अण्णा एवढेच म्हणाले, “पत पाहून उधारी देतोस ना? मग तारेची पतही पाहायला शीक.”

त्या दिवशी काकांनी शिकवलेली रीत आजही आमच्या घरी पाळली जाते. प्रथम मेन स्विच बंद करावा आणि सर्व उपकरणांची बटणे पाडावीत. हात कोरडे, पायांत रबरी चप्पल, खाली कोरडा लाकडी पाट असावा. टेस्टर आधी चालू प्लगवर पेटतो याची खात्री करून ठेवावी, तरीही त्याच्यावर विसंबून उघड्या तारेला हात लावू नये. मग किटकॅट ओढून पाहावा. तार मधोमध वितळलेली आणि चिनी माती स्वच्छ असेल, तर बहुधा भार जास्त झालेला असतो. माती काळवंडून धातूचे थेंब उडालेले असतील, तर शॉर्टसर्किटची शंका घ्यावी. कारण दूर केल्यावरच ठरलेल्या अँपियरची एकेरी तार, न ताणता, स्क्रूभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळावी. नवी तार लगेच उडाली, तर तिसरी बांधू नये, वायरमनला बोलवावे. मीटरच्या अलीकडचा फ्यूज आपला नव्हे. त्याला हात न लावता महावितरणला 1912 वर कळवावे.

काकांनी आणखी एक गोष्ट बजावली होती. फ्यूज वायरीला वाचवतो, माणसाला नव्हे. माणसाचे प्राण घ्यायला अँपियरचा लहानसा अंशही पुरतो; तेवढ्याने पाच अँपियरची तार तापतसुद्धा नाही. म्हणून आज घरोघरी एमसीबी आली असली, तरी चांगले अर्थिंग आणि 30 मिलिअँपियरची आरसीसीबी हवीच. आणि एमसीबी वारंवार पडू लागली, की मोठ्या अँपियरची बसवून घेण्याचा मोह म्हणजे माझ्या त्या पिळलेल्या तांब्याचाच नवा अवतार होय.

जळलेल्या साड्यांची रक्कम अण्णांनी वहीत माझ्या नावे टाकायला सांगितली. मुनीमजींनी खाली तपशील लिहिला: “फ्यूजची तार बचत.” दिवाळीला हिशेब मिटवताना मी पैसे पुढे केले, तेव्हा अण्णांनी ते परत केले. “हे खाते उघडेच राहू दे,” ते म्हणाले.

अण्णा आता नाहीत. दरवर्षी वहीपूजनाच्या आदल्या दिवशी, रोषणाईच्या माळा लावण्यापूर्वी, मी मुलाला सोबत घेऊन दुकानातील भाराची बेरीज करतो. या वर्षी ती त्याने केली. मी फक्त तपासली.